मुलाचे कर्ज आणि माझी भिशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी आग्रहाने मला उभे केले खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण मला जमायचे नाही. हिशेब मात्र जमतो. मंडळाची भिशी नऊ वर्षे मी सांभाळते आहे आणि एका पैशाचा घोळ झालेला नाही, हे आपण जाणताच. म्हणून आज एक हिशेबच मांडते. तो माझ्या घरचाच आहे आणि मला फार उशिरा कळला.

आमचा थोरला २०१९ साली बारावी झाला. त्याच्या मनात कॉम्प्युटर इंजिनियरिंगच होते. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकले, खाजगीत नंबर लागला. फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला दोन लाखांच्या वर. बँकेने सहा लाखांचे कर्ज मंजूर केले, दर वर्षी दीड लाख प्रमाणे. घर गहाण टाकावे लागले नाही याचाच आम्हांला केवढा आनंद! ह्यांनी आणि मी सह्या केल्या. "शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही," असे सांगण्यात आले. ते खरेच होते. पण हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असे मी धरून चालले.

व्याज पहिल्या दिवसापासून चढत होते. दर दहा टक्क्यांच्या आसपास असतो. सोपे पडावे म्हणून दहाच धरू. पहिल्या वर्षी दीड लाखांवर महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, चौथ्या वर्षी ५,०००, आणि पुढचे थांबण्याचे वर्षही ५,०००. पाच वर्षांत हे २ लाख १० हजार झाले. सहा लाख घेतलेले कर्ज, पहिला हप्ता यायच्या आत ८ लाख १० हजार! आणि त्याच वर्षी मी आपल्या भिशीत दरमहा हजार रुपये भरत होते. भिशी लागली तेव्हा मी हौसेने मिक्सर आणि दिवाणखान्याचे पडदे घेतले. तेच पैसे बँकेत व्याजापोटी दिले असते तर पहिल्या वर्षाचे बहुतेक सगळे निघाले असते. शिवाय असे वेळच्या वेळी व्याज भरणाऱ्याला बँका दरात एक टक्का सवलतही देऊ शकतात. पण हे विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते.

आता पगाराचे पाहू. प्रवेशाच्या वेळी एक गृहस्थ घरी येऊन आठ-दहा लाखांच्या नोकऱ्यांच्या गोष्टी सांगून गेले होते. चहा पोहे खाऊन गेले, पुन्हा दिसले नाहीत. थोरला २०२३ साली बाहेर पडला आणि नेमका त्याच सुमारास कंपन्यांनी नव्या मुलांची भरती आखडती घेतली. नऊ महिने तो घरी बसून होता. मग पुण्यात नोकरी लागली, वर्षाला सव्वातीन लाख. ह्याला ही मुले पॅकेज म्हणतात. त्यांत कंपनीचा फंडाचा वाटासुद्धा धरलेला असतो, म्हणून बारांनी भागून मिळेल तेवढे हातात पडत नाही. त्याच्या हातात साडेबावीस हजार येतात. खोलीचा वाटा, मेस, बस ह्यांत बारा-साडेबारा हजार जातात.

दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता १०,७०० रुपये होत होता. तो बसेना. म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली; हप्ता ८,७०० वर आला. पण सगळे मिळून साडेपंधरा लाखांच्या वर भरावे लागणार. दहा वर्षांत ते पावणेतेरा-तेरा लाखांत आटोपले असते. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट असते असे कोणी सांगितले. ज्याला करच बसत नाही त्याने ती कुठे लावायची?

मुलाला शिकवले ह्याचा मला पश्चात्ताप नाही. काम तो मन लावून करतो, पगारही पुढे वाढेल. पण आम्ही कर्ज घेतले ते ऐकीव पगाराकडे पाहून. आता मी असे धरते की, पहिला आणि सर्वांत लहान पगार हातात किती येईल ते विचारावे आणि हप्ता त्याच्या पावपटीत बसवावा. त्या मापाने आम्हांला पावणेचार लाखांच्या आसपासच कर्ज झेपले असते. महिन्याचे व्याज घरातून भरत राहिलो असतो तर पाच लाखांपर्यंत. उरलेल्यासाठी दुसरी वाट पाहावी लागली असती. शेजारच्या मुलाने दहावीनंतर डिप्लोमा केला आणि इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला. त्याचे एक वर्षाचे कर्ज वाचले.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आमची धाकटी. यंदा २०२५ मध्ये ती बारावी झाली. तिलाही कॉम्प्युटरच हवे. हे म्हणाले, "एकाचं फिटू दे आधी. मुलीसाठी आणखी कर्ज कोण काढणार? बी.एस्सी.ला घाल." पोर काही बोलली नाही, उठून आत गेली. बायांनो, चूक आमच्या हिशेबाची आणि तिची किंमत हिने द्यायची? मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी वही घेऊन बसले. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एवढी की प्रवेश सरकारी फेरीतून हवा. मॅनेजमेंटच्या जागेला माफी नाही. आमचे दाखले त्यात बसतात. वसतिगृहाचा खर्च राहतो, म्हणून एस.टी.ने जाऊन येता येईल अशीच कॉलेजे आम्ही यादीत वर घातली. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच. बाकीची फी, पुस्तके आणि डबा ह्यांना कर्ज लागत नाही. लॅपटॉप तेवढा मोठा खर्च. तो भावाने आपला जुना दिला.

वही ह्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, एका ठिकाणी माझी बेरीज तपासली, आणि म्हणाले, "उत्पन्नाचा दाखला यंदाचा लागेल. उद्या तहसिलात जातो."

धाकटी आता सकाळी सव्वासातच्या गाडीने जाते. ह्या महिन्याची भिशी मला लागली आहे, हे आपल्याला माहीत आहेच. शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड बसत नाही, एवढे मी बँकेत विचारून आले आहे. तेव्हा ती सगळी रक्कम थोरल्याच्या मुद्दलात भरणार आहे. पडदे जुनेच राहतील, हळदीकुंकवाला आलात म्हणजे कृपा करून तिकडे पाहू नका.