घर पाडू नये, उतरवावं



आमच्या कोकणातल्या गावी दोन शब्द वेगवेगळे वापरतात. घर ‘पाडलं’ आणि घर ‘उतरवलं’. मी शब्दांत रमणारा माणूस, पण या दोहोंतला फरक मला उशिरा कळला.

आमचं वडिलोपार्जित घर दोन भावांत वाटलेलं. मोठ्या चुलतभावाने आपली बाजू सुतार बोलावून उतरवली. आधी कौलं, मग रिपा, वासे, तुळया आणि शेवटी सागवानी खांब. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली, त्यामुळे सगळं अलगद सुटत गेलं. प्रत्येक लाकडावर सुताराने रंगाने आकडा घातला. पंधरा दिवस लागले. मला रजा चारच दिवसांची. मी माझ्या बाजूला जेसीबी लावला. संध्याकाळपर्यंत काम फत्ते! कौलांचा चुरा आणि फुटके चिरे ट्रकने खाडीकाठी गेले, मोडलेलं लाकूड जळणाला. अब्बा तेव्हा हयात होते. एवढंच म्हणाले, “अरे, उतरवायचं होतंस.”

आज ‘मॉड्युलर’ बांधकामाची चर्चा ऐकताना मला अब्बांचं ते वाक्य आठवतं. या पद्धतीत भिंती, छत, कधी अख्खी खोलीसुद्धा कारखान्यात तयार होते आणि जागेवर आणून जोडली जाते. माल मापात कापल्याने नासाडी कमी होते, उरलेले तुकडे तिथेच कामी येतात. शेजाऱ्यांना धूळ आणि आवाजाचा त्रासही कमी.

पण खरा फायदा पुढे आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटनिर्मितीचा. भट्टीच्या इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडी तापली की तिच्यातूनही हा वायू बाहेर पडतो. म्हणून एकदा बनवलेला भाग दुसऱ्यांदा वापरला, तर तेवढी नवी भट्टी पेटवावी लागत नाही.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला, तो कारखान्यांत घडवलेल्या लोखंडी खांबांचा आणि काचांचा. प्रदर्शन संपलं, तो उतरवला आणि सिडनहॅमला नेऊन १८५४ मध्ये आणखी मोठा करून उभारला. १९३६ च्या आगीत जळेपर्यंत तो तिथे होता.

अर्थात कारखान्यातून आलं म्हणजे पर्यावरणाचं भलं झालं, असं नाही. पातळ पत्र्याची खोली आपल्या उन्हात भट्टी होते आणि मग एसी लागतो. भाग फार दूरून आणले तर डिझेल जळतं. सांधे कायमचे चिणून टाकले, तर शेवटी जेसीबी आलाच! तेव्हा घर बांधताना बिल्डरला किंमत, मुदत जरूर विचारा. पण हेही विचारा, ‘उद्या हे उतरवता येईल का?’

भावाने त्या लाकडांवर शेजारच्या वाडीत घर बांधलं. गेल्या ईदला तिथे गेलो होतो. पडवीच्या खांबावर सुताराचा ‘७’ अजून दिसतो. भावाच्या नातवाने विचारलं, “दादा, तुमच्या बाजूचे खांब कुठे आहेत?”

मी म्हणालो, “बाळा, ते मी पाडले.”

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)