एक शब्द, सहा पायऱ्या

(छत्रपती संभाजीनगर येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले व प्राथमिक शाळेत उभी हयात घालविलेले मास्तर. विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. म्हणून दोन शब्दांऐवजी एकाच शब्दावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे. तो शब्द इंग्रजी आहे, आणि तो आपणांस येतो असे येथे बसलेल्या प्रत्येक मुलास वाटते. तो शब्द म्हणजे ‘सब्जेक्ट’. अर्थ विचारताच सर्व मुले एका सुरात ‘विषय’ असे सांगतील. आम्हीही कित्येक वर्षे तसेच शिकविले. त्याची किंमत मात्र आपल्याच ज्ञातीतील एका घराला मोजावी लागली.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. एका होतकरू तरुणास एका कचेरीतून नेमणुकीचे पत्र आले. पत्र इंग्रजीत होते. घरात इंग्रजी जाणणारे कोणी नव्हते, म्हणून त्याचे वडील पत्र घेऊन आमच्याकडे आले. आम्ही चष्मा लावून ते मोठ्याने वाचले. वरच्या ओळीत ‘सब्जेक्ट’ हा शब्द होता, त्याचा अर्थ विषय, तो आम्ही बरोबर सांगितला. पुढे मजकुरात ‘सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन ऑफ ओरिजिनल सर्टिफिकेट्स’ असे शब्द होते व त्यापुढे पंधरा दिवसांची मुदत होती. आम्ही सांगितले, “प्रमाणपत्रांचा विषय पुढे निघेल. नोकरी लागली, पेढे वाटा.” पेढे वाटले गेले. मुलगा विसाव्या दिवशी प्रमाणपत्रे घेऊन कचेरीत गेला, तेव्हा मुदत टळून गेली होती आणि यादीतील पुढच्या उमेदवारास बोलावणे गेले होते.

कचेरीचा यात काही दोष नव्हता. अट स्पष्ट लिहिलेली होती, आम्हांलाच ती वाचता आली नाही. त्या मुलाच्या वडिलांनी आम्हांस एक अक्षर बोलून दाखविले नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

आता हा ‘लागले’ शब्दच पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, झाडाला आंबे लागतात, आणि शेजारची वहिनी नात्याने आपली मावशी लागते. आपल्या चार वर्षांच्या मुलास हे सारे कळते. त्याला ‘लागणे’ या क्रियापदाचे अर्थ कोणी पाठ करविले? कोणीही नाही. आईने, आजीने, गल्लीतल्या सवंगड्यांनी त्याच्या कानावर वाक्ये घातली. आधी सोपी, मग अवघड. शब्द त्याला वाक्यांतून मिळाला. इंग्रजी शिकविताना मात्र आम्ही वाक्य बाजूला ठेविले आणि एका शब्दापुढे एक अर्थ लिहून त्याखाली रेघ ओढली. त्या पत्रानंतर आमच्या ध्यानात आले की, शब्दाला जिना असतो, आणि आम्ही मुलांना पहिल्याच पायरीवर बसवून ठेवीत होतो. ‘सब्जेक्ट’च्या जिन्याच्या सहा पायऱ्या आज आपल्यासमोर मांडतो.

पहिली पायरी : ‘मॅथेमॅटिक्स इज अ डिफिकल्ट सब्जेक्ट.’ गणित हा अवघड विषय आहे. येथे शाळेतला विषय.

दुसरी पायरी : ‘लेट अस चेंज द सब्जेक्ट.’ आपण विषय बदलू या. येथे बोलण्याचा विषय. मराठी शब्द तोच राहिला, परंतु आपण शाळेबाहेर पडलो.

तिसरी पायरी : ‘इन धिस सेंटेन्स, द बॉय इज द सब्जेक्ट.’ या वाक्यात ‘मुलगा’ हा कर्ता आहे. येथे ‘विषय’ हा अर्थ लावून पाहिला, तर वाक्य अडखळते. हे अडखळणेच शिक्षणाची सुरुवात होय.

चौथी पायरी : ‘द किंग लव्ह्ड हिज सब्जेक्ट्स.’ राजाचे आपल्या प्रजेवर प्रेम होते. हा अर्थ आपल्या शहराला पुस्तकात शोधावा लागत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, विद्यालयात उर्दू आणि वर इंग्रजी, अशा तीन भाषांतून वाट काढीत आपले वाडवडील शिकले. ते निजामाचे ‘सब्जेक्ट’ होते. 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली आणि प्रजा असलेली माणसे ‘सिटिझन’, म्हणजे नागरिक, झाली. या दोन शब्दांमधले अंतर कोशात एका ओळीचे, पण मराठवाड्याने ते चालून पार केले आहे.

पाचवी पायरी : ‘द टाइम ऑफ द ट्रेन इज सब्जेक्ट टू चेंज.’ गाडीच्या वेळेत बदल होऊ शकतो. येथे शब्द नाम न राहता विशेषण झाला आणि त्याच्या पाठीशी ‘टू’ येऊन उभा राहिला. हाच ‘सब्जेक्ट टू’ नेमणुकीच्या पत्रात, बँकेच्या कागदात, विम्याच्या करारात येतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘या अटीच्या अधीन राहून’ असा होतो. अट पुरी झाली तर नेमणूक, नाही तर नाही. आमचा पाय घसरला तो याच पायरीवर.

सहावी पायरी : ‘द प्रिझनर्स वेअर सब्जेक्टेड टू क्रुएल ट्रीटमेंट.’ कैद्यांना क्रूर वागणूक सोसावी लागली. येथे शब्द क्रियापद झाला. उच्चारातही भेद पडला. नाम असताना पहिल्या अवयवावर जोर येतो, क्रियापदात तो दुसऱ्यावर जातो.

या सहा पायऱ्यांना जोडणारा धागाही आहे. मूळ लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘खाली ठेविलेला’ असा होता. प्रजा राजसत्तेच्या खाली, नेमणूक अटीच्या खाली, कैदी जुलमाच्या खाली. धागा हाती आला की अर्थ पाठ करावे लागत नाहीत, ते ओळखता येतात.

ही रीत आम्ही शोधून काढली, असा आमचा मुळीच दावा नाही. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. थोडे शब्द द्यावयाचे, त्या शब्दांची वाक्ये करावयाची, वाक्ये सोप्याकडून कठिणाकडे न्यावयाची, आणि इंग्रजीचे मराठी व मराठीचे इंग्रजी अशी दोन्ही बाजूंनी घोटून घ्यावयाची, ही तिची पद्धत. परदेशांतही थोरांनी हेच केले. बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 साली सुमारे 2000 इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. कोणता शब्द कोणत्या अर्थाने अधिक वेळा येतो, तेही तीत दिलेले आहे. जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तो प्रथम 1942 साली जपानात निघाला, व 1948 साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. शब्द वाक्यात कसा बसतो, हे दाखविणे हेच त्या कोशाचे वैशिष्ट्य होय.

आता कोणी म्हणतील, मास्तर, 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, आमची मुले इंग्रजी माध्यमात जातात, मोबाइलवर अर्थ क्षणात निघतो, मग या जुन्या रीतीचे प्रयोजन काय? त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, मोबाइल अर्थ देतो, परंतु कोणत्या पायरीवरचा अर्थ समोरच्या कागदात बसतो, हे वाचणाऱ्यालाच पारखावे लागते. ती पारख अनेक वाक्ये वाचून व स्वतः रचूनच येते.

याकरिता प्रत्येक घरात एक वही असावी, अशी आमची विनंती आहे. एका पानावर एकच शब्द लिहावा. पहिले वाक्य घरातले असावे, दुसरे बाजारातले, तिसरे वर्तमानपत्रातले आणि चौथे कचेरीच्या कागदातले. प्रत्येक वाक्यात नवा शब्द तेवढा एकच असावा, बाकीचे ओळखीचे. नाही तर मूल एका पायरीऐवजी भिंतच चढू लागते. शेवटचे वाक्य मुलाने स्वतः रचावे. ते चुकले तरी खोडू नये, शेजारी बरोबर वाक्य लिहावे. पान दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा वाचावे. आठवड्यास पाच शब्द झाले तरी वर्षात अडीचशे होतात, आणि ते जन्मभर पुरतात.

ज्या मातापित्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनी संकोच करू नये. मुलास एवढेच विचारावे, “या शब्दाचे आणखी एक वाक्य सांग.” हा प्रश्न विचारण्यास इंग्रजी लागत नाही.

तो तरुण आज स्वतःचे दुकान चालवितो. संसार सुखाचा आहे, तरी ती नोकरी गेली ती गेली. त्याची कन्या आठवीत असताना वही घेऊन आमच्याकडे येऊ लागली. पहिल्या दिवशी तिला आम्ही हाच शब्द दिला आणि तिच्या वडिलांच्या पत्राची हकीकत सांगितली. ती तिला ठाऊक नव्हती, वडिलांनी घरी कधी काढलीच नव्हती. पाचव्या पायरीवर तिने स्वतःचे वाक्य लिहिले : ‘माय फादर्स जॉब वॉज सब्जेक्ट टू वन वर्ड.’ व्याकरणात चूक नव्हती. आम्ही त्याखाली बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

सत्कारार्थी मुलामुलींचे अभिनंदन करून, मंडळाने ग्रंथालयात अशा कोऱ्या वह्या व एक चांगला इंग्रजी कोश ठेवावा, एवढी सूचना आम्ही करतो. आमच्या हातून झालेली चूक आपल्यापैकी कोणाच्याही घरात पुन्हा होऊ नये, हीच इच्छा.