नाकातील नळी की शिरेतील सुई?

तोंडाने अन्न घेववत नसलेल्या रुग्णाच्या नातलगांची बहुधा अशी समजूत असते की, शिरेतून चढणारे सलाईन हेच त्याचे जेवण; वस्तुतः साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ यांपलीकडे काहीच नसते. केवळ शिरेवाटे संपूर्ण पोषण देऊन बीगल जातीची पिल्ले वाढवता येतात, हे फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवून दिले, आणि आतडे निकामी झालेल्या असंख्य रुग्णांना त्यामुळे जीवदान मिळाले.

तथापि आतडे शाबूत असता ते बेकार ठेवणे वैद्यकशास्त्राला मंजूर नाही; कारण अन्नस्पर्शाला वंचित झालेले त्याचे अस्तर क्षीण होऊ लागते, आणि हृदयानजीकच्या मोठ्या शिरेतील नळी जंतूंना थेट रक्तात शिरण्यास वाट देते. म्हणून नाकावाटे जठरात जाणारी ती बारीक नळी, दिसावयास कितीही केविलवाणी असली तरी, पहिल्या पसंतीची. आतड्यात अडथळा असेल, किंवा त्याचा बराचसा भाग कापून काढावा लागला असेल, तर मात्र शिरेचाच आश्रय. मार्ग कोणताही असो, दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला पोषण हळूहळूच वाढवीत द्यावे लागते. एकाएकी दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयाची लय बिघडू शकते.