व्याधाचा उष्ण सोबती

मृग नक्षत्राजवळ झळकणारा व्याध हा वस्तुतः एक तारा नसून, सुमारे 50 वर्षांत परस्परांभोवती एक प्रदक्षिणा पुरी करणारे ताऱ्यांचे जोडपे आहे, ही गोष्ट बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने 1844 साली व्याधाच्या गतीतील किंचित हेलकाव्यावरून केवळ अनुमानाने ताडली. तो सोबती प्रत्यक्ष दिसला 1862 साली, अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क नव्या दुर्बिणीच्या भिंगाची परीक्षा घेत असता. इतका अंधुक तारा थंड व तांबूस असावा, हा तर्क साहजिक होता; परंतु 1915 साली माउंट विल्सन वेधशाळेत अ‍ॅडम्स यांनी त्याचा वर्णपट तपासला, तेव्हा तो शुभ्र व उष्ण असल्याचे निष्पन्न होऊन हा तर्क सपशेल बाद झाला. आजच्या मापनानुसार मुख्य ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 10,000 अंश, तर सोबत्याचे तब्बल 25,000 अंश आहे!

मग हा अधिक तप्त तारा निस्तेज का? कारण त्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याइतके असले, तरी आकार मात्र आपल्या पृथ्वीएवढाच; प्रकाश फेकण्यास पृष्ठभागच अपुरा. मूळचा हाच तारा दोहोंत थोरला, आणि म्हणूनच (थोरल्या ताऱ्यांची इंधनाची उधळपट्टी प्रसिद्धच आहे) त्याने आपले इंधन आधी संपविले. बाहेरचे थर अवकाशात विखुरले, आणि उरलेला गाभा श्वेत बटू होऊन बसला. आता त्याच्या खजिन्यात नवी जमा नाही. आहे ती उष्णतेची शिल्लक, आणि ती कोट्यवधी वर्षे हळूहळू खर्ची पडत राहील.