विडंबन, उपरोध आणि आम्ही

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील एका भाषणाचा मजकूर)



विडंबन आणि उपरोध हे दोन शब्द आम्ही बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. दोन्हींनी हसू येते, म्हणून हा घोटाळा होतो. उपरोधाला माणसाच्या अंगचे व्यंग पुरते. विडंबनाला मात्र आधी एक मूळ कृती लागते, आणि ती श्रोत्यांच्या कानात मुरलेली असावी लागते. घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना हा भेद फार जवळून भेटतो.

आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' १९२५ साली प्रसिद्ध झाली. तीत केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेचे त्याच नावाचे विडंबन आहे. केशवसुतांनी कवीच्या सामर्थ्याचा उद्गार शार्दूलविक्रीडितात घुमविला होता. अत्र्यांनी वृत्त तेच ठेवले, प्रश्न तोच, तोराही तोच; उत्तर देणारा तेवढा बदलला. येथे बोलतो तो मासिकात आपले छायाचित्र मिरविणारा आणि परक्या वाङ्मयातून चोरून भाषांतरे करणारा कवडा. भारदस्त वृत्त आणि क्षुद्र आशय यांचा मेळ बसत नाही, त्यातच सारी गंमत आहे. यात केशवसुतांचा अवमान होतो, असे आमच्यातील काही वडीलधाऱ्यांचे मत आहे. आम्हांस ते पटत नाही. फटका बसतो तो मागून आलेल्या नकलाकारांना. त्यांची उंची मोजायला केशवसुतांचीच काठी वापरली आहे. आणि कोणाच्या स्मरणात नसलेल्या कवितेचे विडंबन करण्याच्या फंदात कोण पडेल?

'प्रेमाचा गुलकंद' ही कविता निराळी. प्रियकराने दिलेल्या गुलाबांचा गुलकंद करून ठेवणारी ती व्यवहारी नायिका, मागचेपुढचे काही ठाऊक नसले तरी हसविते. गणेशोत्सवात आमची मुले ती हमखास उचलून धरतात. तीच मुले विडंबनातले 'आम्ही कोण?' ऐकताना एकमेकांची तोंडे पाहतात. त्यांच्या शाळा हिंदी-इंग्रजीच्या, क्रमिक पुस्तकांत केशवसुत नाहीत. त्यांना दोष काय द्यावा?

उपरोधाची अशी अडचण होत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'त बंडूनाना आणि पांडूतात्या यांना हाताशी धरून रूढींची आणि धर्मभोळेपणाची रेवडी उडविली. महाराष्ट्रगीत लिहिले तेही याच कोल्हटकरांनी! स्वजनांचा गौरव करणाऱ्या लेखणीनेच त्यांना चिमटेही काढावेत, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. मानपानावरून रुसणारी मंडळी तर कोणत्याही शहरात सापडतात. आमच्या कार्यकारिणीतही ती पुरेशा संख्येने आहेत.

तेव्हा काळजी आहे ती विडंबनाची. मूळ कविता विसरली गेली की तिच्यावरचे हसूही निमूटपणे निघून जाते, आणि ते गेल्याचे कोणाला कळतही नाही. म्हणून यंदा मंडळाच्या रविवारच्या वर्गात आधी केशवसुतांची कविता पाठ करून घ्यावी आणि मग अत्र्यांची, अशी आमची सूचना आहे. वृत्ताची धास्ती नको. लग्नात म्हटली जाणारी मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितातच असतात. हातात अक्षता घेऊन मुलांनी ती चाल कितीतरी वेळा ऐकलेली आहे.