पाववाल्याचा पुत्र
(गायकवृंदाच्या सत्कारप्रसंगीं केलेलें भाषण)



या सुवर्णमहोत्सवीं आपल्या गायकवृंदाविषयीं दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. स्तुतीचे शब्द माझ्या आधींच्या वक्त्यांनीं बोलून टाकले आहेत. म्हणून मी एका परदेशस्थ तरुणाची हकीकत सांगतों. त्याचें नांव लुचानो पावारोत्ती.

इटलींतील मोदेना शहरीं १९३५ सालीं तो जन्मला. बाप फेर्नांदो पाव भाजण्याचें काम करी. आई सिगारच्या कारखान्यांत जाई. बापाचा गळा उत्तम, परंतु रंगभूमीवर उभें राहण्याचा धीर त्यास होईना. तेव्हां तो देवालयांत गाई आणि घरीं कारूझोसारख्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका लावी. त्या ऐकत ऐकत, देवालयाच्या गायकवृंदांत बापाच्या शेजारीं उभा राहून मुलगा गाऊं लागला. १९५५ सालीं मोदेनाच्या पुरुषवृंदाबरोबर हे पितापुत्र वेल्समधील लँगोलेन येथें स्पर्धेस गेले व पहिलें बक्षीस घेऊन आले. तेव्हांच त्यानें गायक होण्याचा निश्चय केला.

आपल्या संगीत नाटकासारखाच ऑपेरा असतो. फरक इतकाच कीं, त्यांत संभाषणही बहुधा गाऊनच करितात, आणि ध्वनिक्षेपकाच्या साह्याविना गायकाचा आवाज मोठ्या वाद्यवृंदावरून पलीकडे शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावा लागतो. नुसत्या गोड गळ्यानें हें साधत नाहीं. म्हणून घरांत ठराव झाला: वयाच्या ३० व्या वर्षापर्यंत जेवणखाण व राहणें बापाकडे; तोंवर यश न आल्यास मिळेल त्या कामानें पोट भरावें. आर्रिगो पोला नामक गुरूनें कांहीं न घेतां विद्या दिली. पुढें काम्पोगाल्लियानी हे गुरु लाभले. मध्यंतरीं त्यानें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली, विम्याचेंही काम केलें.

सहा वर्षांच्या मेहनतीचें फळ काय? लहान गांवांतून थोडे जलसे, तेही बिनपैशाचे! त्यांतच स्वरतंतूवर गांठ आली. फेर्रारा येथील जलसा पार फसला, आणि त्यानें गाणें सोडावयाचें ठरविलें.

बंधुभगिनींनो, येथें क्षणभर थांबा. आपल्यांतील किती जण याच ठिकाणाहून परत फिरले असतील!

परंतु कांहीं काळानें ती गांठ गेली. मनावरचें ओझें उतरल्यामुळें ती गेली, असें तो पुढें सांगे; आणि इतकीं वर्षें शिकलेलें सर्व एकाएकीं गळ्यांत उतरलें. २९ एप्रिल १९६१ रोजीं रेज्जो एमिलिया येथें ‘ला बोएम’ या ऑपेरांत रोदोल्फोच्या भूमिकेंत तो प्रथम रंगभूमीवर आला. त्या वेळीं बापाशीं झालेल्या ठरावाची मुदत संपण्यास चार वर्षांहून अधिक अवकाश होता.

यश आल्यावरही शिकणें थांबलें नाहीं. १९६५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत जोन सदरलँड या थोर गायिकेच्या बरगड्यांखालीं हात ठेवून, ती श्वास कसा सांवरते, हें तो पाही. १९७२ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत एकाच गाण्यांत नऊ वेळां अत्युच्च स्वर लावून त्यानें सभागृह जिंकलें. पुढें १९९० सालीं रोम येथील तीन गायकांच्या सुप्रसिद्ध जलशांत वाद्यवृंदाचें संचालन आपल्या मुंबईंत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनीं केलें, हें सांगतांना मला अभिमान वाटतो.

आतां माझें मागणें. आपल्या गायकवृंदांत पिकलेले केंस पुष्कळ दिसतात, कोंवळे चेहरे थोडे. गृहस्थहो, मुलास तालमीस नुसतें धाडूं नका. त्यास घेऊन या, आणि त्याच्या शेजारीं उभे राहून स्वतः गा. प्रत्येक मुलगा पावारोत्ती होणार नाहीं. पण बापाच्या शेजारीं गायिलेलें गाणें तो विसरणार नाहीं.

२००७ सालीं पावारोत्ती निवर्तला. ८ सप्टेंबर रोजीं, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं, मोदेनाच्या महामंदिरांत त्याचा अंत्यविधि झाला. तेथें एक ध्वनिमुद्रिका लावण्यांत आली. ‘पानिस आंजेलिकुस’ हें स्तोत्र दोन आवाजांत ऐकूं आलें: एक जगप्रसिद्ध गायकाचा आणि दुसरा त्या पाववाल्या बापाचा.