माझी हरहुन्नरी ‘दादा’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशातल्या वास्तव्यावर चार शब्द बोला, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही वक्ती नव्हे. शिवाय आफ्रिकेत राहून आले खरी, पण सिंह-हत्ती मी फारसे पाहिले नाहीत. तेव्हा तिथे भेटलेल्या एका बाईविषयीच सांगते.

2013 साली यजमानांची बदली टांझानियातल्या दारेसलामला झाली. तेथे एका शाळेच्या कचेरीत मला हिशेबाचे काम मिळाले. शेजारच्या टेबलावर किलिमांजारोच्या पायथ्याकडची, चग्गा जमातीची एक बाई टंकलेखन करी. सगळे तिला ‘दादा’ म्हणत. मला हसू आवरेना! मग कळले की स्वाहिलीत दादा म्हणजे ताई. आपला किनारा आणि तो किनारा यांच्यात शेकडो वर्षे गलबतांची ये-जा होती. त्यांच्याबरोबर शब्दही गेले. तिकडे पैशाला ‘पेसा’, मोटारीला ‘गारी’ आणि चपातीला चपातीच म्हणतात. पण शब्द ओळखीचे निघाले म्हणून माणूस ओळखीचे होते असे नाही.

दादा रोज डबा भरून ‘मांदाझी’ विकायला आणी. नारळाच्या दुधात पीठ भिजवून, वेलची घालून तळलेल्या फुगीर गोड पुऱ्याच म्हणा ना! एकदा मी विचारले, “या केव्हा तळतेस?” ती म्हणाली, “रात्री दहाला.” मी मनात म्हटले, म्हणजे शिळ्याच की! त्या दिवसापासून मी घेणे सोडले. दोन महिन्यांनी उलगडा झाला. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून आणि रात्रीचे संध्याकाळी सहापासून मोजतात. तिचे रात्रीचे दहा म्हणजे आपले पहाटेचे चार!

मग मात्र मी तिची चौकशी करू लागले. पहाटे मांदाझी, दिवसा कचेरी, संध्याकाळी शिवणकाम, रविवारी चर्चच्या गायकवृंदाचे नेतृत्व. घरची चग्गा भाषा, स्वाहिली आणि इंग्रजी तर तिला येतच; शिवाय कारियाकूच्या बाजारात गुजराती दुकानदाराशी ती गुजरातीत भाव करी. मी घरी येऊन यजमानांना कौतुकाने सांगे, “काय हौशी बाई आहे!” हौशी! हा शब्द आठवला की आज मला लाज वाटते. तिने माझे पोलके शिवले, तेव्हा शिलाईतले दोन हजार शिलिंग मी घासाघीस करून कमी करून घेतले. आपले सत्तरेक रुपये!

तिची एक ‘उपातू’ होती. नावाला बिचकू नका, ही आपली भिशीच. बाराजणींनी दरमहा पन्नास हजार शिलिंग घालायचे आणि चिठ्ठीप्रमाणे एकीने उचलायचे. कागदपत्र काही नाही. एक वही आणि दादाचा शब्द. मी जरा साशंक मनानेच सामील झाले. 2015च्या जानेवारीत चिठ्ठ्या निघाल्या. तिची पाळी फेब्रुवारीत आली, माझी अगदी शेवटी, डिसेंबरात.

फेब्रुवारीत चिपळूणहून फोन आला, आई अत्यवस्थ आहे. मुलाची फी नुकतीच भरलेली, महिन्याची अखेर. विमानाच्या तिकिटाला पैसे पुरेनात. दादाने माझा चेहरा पाहिला, विचारले आणि वहीत आमच्या दोघींच्या पाळ्यांची अदलाबदल करून टाकली. मी गेले. आठ दिवसांनी आई गेली. पण भेट झाली.

परतले तेव्हा तिकडचा मोठा पाऊस, ‘मासिका’, सुरू झाला होता. आभार मानायला मी प्रथमच तिच्या घरी गेले. दोन खोल्या, वर गंजलेले पत्रे. जमिनीवर पाच पातेली मांडलेली, त्यांत थेंब टपटपत होते. एवढ्याशा कोरड्या कोपऱ्यात शिवणयंत्र आणि त्यावर वाकलेली दादा. तिच्या धाकट्या मुलीने सहज सांगितले, “आईने फेब्रुवारीत नवे पत्रे घ्यायचे ठरवले होते.”

“मला सांगितले का नाहीस?” मी विचारले.

“पत्रे दुकानात राहतात,” ती म्हणाली. “तुझी आई थांबली असती का?”

मी पर्समधून शिलाईचे ते दोन हजार काढून पुढे केले. तिने नको म्हटले नाही. मोजून घेतले आणि वहीत लिहिले. हिशेबाला ती पक्की! डिसेंबरात तिने पाळी उचलली आणि पुढच्या मासिकाच्या आत घरावर नवे पत्रे चढले.

2016 साली आम्ही निघालो, तेव्हा तिने मला एक कांगा दिला. तिकडच्या बायका नेसतात, पांघरतात ते हे कापड. त्यावर एखादे वचन छापलेले असते. आज मी तो येथे मुद्दाम आणला आहे. त्यावर लिहिले आहे, ‘हबा ना हबा हुजाझा किबाबा’. चिमूट चिमूट टाकली की माप भरते. आपले थेंबे थेंबे तळे साचे!

भगिनींनो, आपल्या मंडळातही भिशी आहे, शिवणवर्ग आहे, पापड-मसाले आहेत. शेजारी बसणारीला काय काय येते, हे आपण कौतुकाने सांगतो. ते तिला का शिकावे लागले, हे विचारायला मला दोन वर्षे लागली. आपण एवढा उशीर करू नये, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेते.